घाण्याला पाठ

२४ नोव्हेंबर १९६९, सोमवार. डोणगाव.

पोचलो एकदाचा! अकोल्याहून निघालेली एसटी मालेगावात बराच वेळ रुसून बसली होती, पण शेवटी आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळ्या फुलांची तूर, मधूनमधून करडई, आणि आभाळ एवढं मोठं की मुंबईच्या माणसाला कसंनुसं व्हावं. स्टँडवर हेडमास्तर उकंडराव स्वतः घ्यायला आले होते. माझी वळकटी त्यांनीच उचलली, मला हात लावू दिला नाही. मग चहा. चहा कसला, साखरेचा पाकच तो. पण दोन कप प्यायलो.

त्यांचा पहिला प्रश्न: चंद्रावर माणूस उतरला हे खरं, की अमेरिकेची थाप? मी म्हटलं, खरं. तेव्हा ते म्हणाले की बरं झालं, पोरांनी विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लंय, आता तुम्हीच निस्तरा. आमचं जमणार असं दिसतं.

चंद्र हाच तर माझा धंदा. चंद्र आपल्याला नेहमी एकच तोंड का दाखवतो, त्याची पाठ कधीच का दिसत नाही, हे मी मुंबईत मोठ्या कॉम्प्युटरवर आकड्यांनी करून बघत होतो. शिष्यवृत्ती संपली, संसार संपत नाही, म्हणून ही मास्तरकी. भोकं पाडलेल्या कार्डांचे दोन गठ्ठे तिथे गोगट्याच्या हवाली करून आलोय. त्याची पाळी लागेल तसा तो एकेक गठ्ठा यंत्राला भरवणार आणि उत्तरं पोस्टाने पाठवणार. संशोधन टपालाने! हसू येतं, पण दुसरा इलाज नाही.

घर छान आहे. बनाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवा बाईंचं. त्यांच्या दोन खोल्या, माझ्या दोन, समाईक ओसरी, पुढे ऐसपैस अंगण. अंगणाच्या मधोमध लाकडी तेलघाणा आहे, फार वर्षांपासून बंद पडलेला. बेबीला हे अंगण म्हणजे पर्वणी. चार वर्षांची झाली तरी पोरगी सरळ म्हणून चालत नाही, पायात पैंजण आणि दिवसभर गरागरा गिरक्या. इंदू तिला घेऊन नाताळच्या सुट्टीत येणार. तोवर मी, स्टो आणि जळकी खिचडी.

बनाबाईंनी एक गंमत सांगितली. अंगणातून बाहेर पडताना फाटकाशी एक गिरकी घ्यायची, म्हणजे घाण्याला आपली पाठ दिसते. घाण्याला पाठ दाखवल्याशिवाय इथून कोणी जात नाही म्हणे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, काऊन म्हणून इचारू नका, घेत जा. मी मान डोलावली. गिरकी घेतली नाही, हे सांगायला नकोच.

२७ नोव्हेंबर

शाळा बरी आहे. पोरं चलाख, पण लाजरी. दहावीचा माणिक तेवढा धीट आहे, त्याने आज विचारलं की चंद्रावर गेलेल्यांना तिथून आपलं डोणगाव दिसलं असेल का. मी म्हटलं, दिसलं असणार, पण बोर्ड वाचता आला नसेल. वर्ग हसला. जिंकलं म्हणायचं.

सकाळी ओसरीवर बसून फाटकाची मजा बघतो. दूधवाली पंचाहत्तरीची असेल, डोक्यावर हंडी, तरी जाताना गर्रकन एक वळसा घेते आणि थेंब सांडत नाही. पोस्टमन सायकल हातात धरून सायकलीसकट फिरतो. उकंडराव परवा आले होते, बी.ए. बी.टी. झालेला माणूस, बोलता बोलता फाटकाशी फिरले आणि वर मला म्हणाले की सवय आहे हो, लहानपणची. मी चेष्टा केली तर नुसते हसले.

घाणा मात्र जवळून बघण्यासारखा आहे. मोठं दगडी उखळ, त्यात तिरपी उभी लाकडाची लाट, लाटेला बांधलेली आडवी फळी. फळीवर वजनाला माणूस बसायचा आणि बैल भोवती फिरायचा. बैलाच्या पायांनी झालेली गोल पायवाट अजून तशीच आहे, तिच्यावर गवतसुद्धा उगवत नाही.

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. बैल घाण्याभोवती फिरतो तेव्हा त्याची एकच कूस कायम आत असते. घाण्याच्या जागी माणूस बसवला, तर त्याला बैलाची दुसरी कूस जन्मात दिसायची नाही. हाच तो चंद्र! चंद्रही एके काळी स्वतःभोवती भराभरा फिरत होता. पृथ्वीच्या ओढीने त्याच्या अंगाला फुगवटा आला, त्या फुगवट्याला धरून पृथ्वीने त्याची गिरकी मंद मंद करत आणली, आणि शेवटी तो असा जखडला की फिरतो, पण तोंड पृथ्वीकडेच. पोरांना समजवायला याहून सोपं काही मिळणार नाही.

२ डिसेंबर

आज दहावीला अंगणात आणलं. सगळे फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले, घाण्याजवळ यायला कोणी तयार नाही. म्हटलं, ठीक, मीच चंद्र होतो. बैलाच्या पायवाटेवर उभा राहिलो, नाक घाण्याकडे, आणि नाक न हलवता एक फेरी पूर्ण केली. खेकड्यासारखा आडवा चालत होतो, पोरं तोंडाला हात लावून हसत होती. मग विचारलं की या फेरीत मी स्वतःभोवती फिरलो की नाही? सगळे म्हणाले नाही. मी सांगितलं, फिरलो! माझ्या पाठीमागे आधी शाळा होती, मग विहीर, मग बनाबाईंची खोली, मग तुम्ही. चारी दिशा पाठीने बघून आलो. एक फेरी आणि एकच गिरकी, दोन्ही जोडीने. म्हणून तर चंद्राची पाठ दिसत नाही.

माणिकला ते पटकन कळलं. कळलं म्हणून मी आणखी दोनचार फेऱ्या मारून दाखवल्या. तेव्हा कोणी हसत नव्हतं. जाताना झाडून सगळ्यांनी फाटकाशी गिरकी घेतली, माणिकने तर दोन घेतल्या.

बनाबाई दारात उभ्या होत्या. मी असा फिरलो हे त्यांना अजिबात आवडलेलं दिसलं नाही. रात्रीची भाकर-भाजी मात्र पाठवली, ठेच्यासकट. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं.

५ डिसेंबर

गोगट्याचं पुडकं आलं! पहिला गठ्ठा यंत्राने गिळला आणि पचवला. लांबलचक कागदावर आकडेच आकडे. चंद्राची गिरकी सुरुवातीला जोरात, मग हळू, मग आणखी हळू, मग अडखळते, मागेपुढे डुलते, आणि मग थांबते, म्हणजे फेरीशी जुळते ती कायमची. मी ओसरीवर कागद पसरून लहान मुलासारखा नाचलो. इंदूला लगेच पत्र टाकलं.

ते डुलणं अंगाने अनुभवावं म्हणून संध्याकाळी पुन्हा घाण्याभोवती फिरलो. हल्ली रोजच फिरतो. मुंबईत यंत्र, इथे मी. फिरताना डोकं शांत होतं, विचार आपोआप लागतात.

आज फिरून ओसरीवर आलो तर घाण्याच्या फळीवर एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, पाठ माझ्याकडे. शेजारची असेल. तोंड धुवून आलो तोवर गेलेली. बनाबाईंना विचारलं की कोण होती, तर त्यांनी दारच लावून घेतलं. म्हातारपणी माणसं अशी होतात.

८ डिसेंबर

मानेत लचक भरली आहे. सकाळी उठतो तेव्हा तोंड अंगणाकडे वळलेलं असतं. काल बाज उलटी टाकून झोपलो, म्हटलं आता भिंतीकडे तोंड होईल. उठलो तर पायथ्याला डोकं, तोंड पुन्हा अंगणाकडे.

शाळेतही पंचाईत झाली. फळा ज्या भिंतीवर आहे, तिच्या नेमक्या समोरच्या अंगाला हे घर. फळ्याकडे वळलो की मान दुखते. आज हात मागे नेऊन आकृती काढली. पोरांना वाटलं सर गंमत करतायत. वेलदोड्यासारखा चंद्र आला.

तेल लावून शेकलं. उतार नाही.

१० डिसेंबर

ती बाई रोज येते. दुपारी येते, उन्हात. काल ठरवलं की जवळ जाऊन विचारायचं, बाई कोण तुम्ही.

आज ओसरीवरून तिची पाठ दिसत होती. अंबाडा, मानेवर जू घासल्यासारखा काळा वळ, हिरवं लुगडं. तोंडाकडून जावं म्हणून पलीकडे गेलो. पलीकडूनही पाठ. विहिरीच्या बाजूने गेलो, पाठच. मी पूर्ण फेरी मारली. ती हलली नाही, मान वळवली नाही, बूड उचललं नाही, आणि चारी बाजूंनी मला तिची पाठच दिसली.

घरात आलो आणि कडी लावली. मी विज्ञानाचा माणूस आहे. ऊन लागलं असेल. हिवाळ्यात ऊन लागतं का?

१२ डिसेंबर

आज बनाबाईंच्या दारातच बसलो. म्हटलं, सांगितल्याशिवाय उठणार नाही. त्यांनी आधी चुलीत लाकूड सारलं, मग बोलल्या.

घाणा त्यांच्या वडिलांचा, तुळशीरामांचा. करडईचा हंगाम, गिऱ्हाईक दारात, आणि बैल बसला तो उठलाच नाही. तेव्हा तुळशीरामांनी घरच्या सुनेला फळीला जुंपलं. तिचं नाव पंचफुला. भोवळ येऊ नये म्हणून बैलाची झापडंच तिच्या डोळ्यांना बांधली. फळीवर वजन पाहिजे म्हणून लहानग्या बनाबाईंना बसवलं. मग म्हातारी जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

“मी फळीवर बसून हासत होती, सर. मले वाटे, वयनी माह्यासंग खेळून राह्यली.”

सात-आठ दिवस पंचफुला फिरत होती. सोडली तेव्हा तिची मान सरळ होईना. घरात नेली तरी तोंड घाण्याकडे, विहिरीवर नेली तरी घाण्याकडे. अन्न सुटलं, मग ती गेली. तिरडीवर ठेवली तेव्हाही मान वळलेलीच होती. त्या दिवसापासून ती फिरत नाही, मधे बसते, आणि फिरायला कोणीतरी तिला हवं असतं. म्हणून गाव पाठ दाखवून जातं. स्वतःभोवती फिरत राहणाऱ्याला ती धरू शकत नाही. थांबून तिच्याकडे तोंड करून जो फिरला, तो तिचा.

मी म्हटलं, माझ्याआधी कोणी? बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या म्हणाल्या की सर, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

खरं आहे. सांगितलं होतं.

१४ डिसेंबर, रविवार

गिरकी जमत नाही.

सकाळी फाटकाशी उभा राहिलो. साधी गोष्ट. बेबी दिवसातून शंभरदा करते. टाच फिरवली, कंबर फिरली, मान मागे राहिली. जोर केला तेव्हा अंग वळलं, पण पायच सरकत गेले, आणि बघतो तर मी पायवाटेवर, नाक घाण्याकडे. चार वेळा केलं. चारही वेळा पायवाटेवर.

मेहकरच्या एसटीत बसलो. उलट्या तोंडाने, मागच्या काचेकडे बघत. लोक बघत होते. गाव मागे पडलं तशी मान ओढायला लागली, असं वाटलं की आता मानेची शीर तुटणार. कंडक्टरला उतरव म्हणालो. घराकडे चालत आलो तेव्हा मात्र मान अगदी मऊ. दुखणं नावाला नाही.

बाईचा कान दिसतो आहे. कालपर्यंत नुसती पाठ होती. आज कान, कानात बुगडी.

१६ डिसेंबर

गोगट्याचं दुसरं पुडकं. वर चिठ्ठी. लिहितो की गाढवा, दुसऱ्या गठ्ठ्यात तू घाईत चूक केलीस, पृथ्वीचं आणि चंद्राचं वजन सारखंच धरलंस. तरी यंत्राने चालवलं, उत्तर गमतीचं आलं म्हणून पाठवतो.

वजनं सारखी असली की आधी एक जखडतो. मग दुसराही. जो मधे आहे तोही हळूहळू वळतो, आणि शेवटी दोघं समोरासमोर, तोंडाला तोंड, जन्मभर. गोगट्याने पुढे लिहिलंय की लग्नासारखंच की रे! आणि खाली लिहितो, सुटका एकाच वाटेने. तिसरा एखादा लहानसा पिंड जवळ आला, तर कधी कधी पहिला सुटतो. पण मग तो लहानगा अडकतो.

तिसरा. लहानसा.

इंदू बेबीला घेऊन निघायच्या बेतात असेल. मला भीती वाटते. पहिल्यांदा लिहितो आहे हे, मला फार भीती वाटते. माझं काय व्हायचं ते होवो, बेबी इथे येता कामा नये.

१७ डिसेंबर

मागे मागे चालत पोस्टात गेलो. पोरं मागून हसत आली. तार केली. “येऊ नकोस. मी बरा आहे.” पोस्टमास्तरने दोनदा वाचून दाखवली.

बाईचा गाल दिसतो. कोरडा, करड्या रंगाचा.

शाळेत गेलो नाही. उकंडराव येऊन गेले. ओसरीवर माझ्या मागे बसले होते. मी सगळं सांगितलं, बराच वेळ बोललो. ते म्हणाले, सर, बोला की काहीतरी, असे गप का?

१९ डिसेंबर

मागे बसलेल्याला माझा आवाज जात नाही. बनाबाईंना हाक मारून बघितली. ओरडलो. त्या पाठीमागे भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या. मी जिकडे बघतो तिकडेच माझा आवाज जातो. सगळा तिलाच ऐकू जातो.

इंदूची तार आली. “दोघी आजच निघतो. काळजी करू नका.”

अरे देवा. मीच. बरा आहे म्हणून कोणी तार करतं का? तार बघूनच तिने सामान बांधलं असणार. पत्र टाकलं असतं तर नाताळपर्यंत थांबली असती. मीच बोलावलं तिला. माझ्या हाताने.

२० डिसेंबर

बनाबाईंना समोर उभं केलं, सांगितलं, स्टँडवर जा, परत पाठवा त्यांना. गेल्या. सगळ्या गाड्या बघितल्या म्हणतात. आल्या नाहीत.

बाईची पापणी. झापड नाही आता. पापणी मिटलेली—

फिरलो. फिरायचं नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

आल्या. जीपने आल्या, धाड गावच्या कोणाची तरी जीप मिळाली. बनाबाई एसटी बघत बसल्या.

पाठीमागे पैंजण वाजले. बाबा बाबा म्हणत. मी वळलो नाही. वळता येत नाही. बेबीला वाटलं बाबा रागावला. ती रडली. मला ऐकू येत होतं आणि मला—

इंदू समोर आली तेव्हा सगळं सांगितलं. तिने ऐकलं. कपाळाला हात लावून बघितलं. म्हणाली, ताप नाही. म्हणाली, उद्या डॉक्टरांना आणते, मग सगळे मिळून मुंबईला जाऊ. मी म्हटलं, आज जा, आत्ता, बेबीला घेऊन जा. ती म्हणाली, तुम्हाला या अवस्थेत टाकून? मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. ती समजली की मी तिच्याकडे बघतच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बेबीला खोलीत ठेव म्हटलं. तेवढं ऐकलं तिने. बेबीला गिरक्या घेऊ दे म्हटलं, भरपूर, थांबवू नकोस. याचं तिला रडू आलं.

२२ डिसेंबर. सकाळ.

इंदू डॉक्टर आणायला गेली. बेबी बनाबाईंजवळ, दाराला कडी. मी ओसरीवर. हात तेवढा ऐकतो, म्हणून लिहितो.

बाईचं अर्धं तोंड. नाक. ओठ. डोळा मिटलेला.

तिला म्हणालो, मी फिरतो. जन्मभर फिरतो. पोरीला सोड. मोठ्याने म्हणालो. माझं सगळं तिलाच तर ऐकू जातं.

दुपार

कडीचा आवाज. माझ्या मागे.

बनाबाई झोपल्या का— बनाबाई!

पैंजण. अंगणात आली. गिरकी घेते आहे, छान, छन् छन् छन्. घे बाळ, घे. थांबू नकोस. फाटकाकडे जा. मी ओरडतो आहे, तिला ऐकू येत नाही, ती माझ्या मागे—

बाईने डोळा उघडला. माझ्याकडे नाही बघत. माझ्या खांद्यावरून बघते.

बेबी म्हणाली, बाबा, ती बाई बघ, माझ्याकडे बघून हसते.

पैंजण हळू. छन्. छन्.

छन्.

आता गिरकी नाही, चालणं आहे. एकेक पाऊल, आडवं—

मान सुटली. माझी मान सुटली. दुखत नाही. मागे बघितलं, शाळा दिसली, बनाबाईंचं उघडं दार दिसलं. मला नको होती ही. परत घे. ही मान परत घे—

बाईची पाठ. पुन्हा नुसती पाठ. कुठूनही.

बेबी पायवाटेवर आहे. विहिरीकडून येते. नाक घाण्याकडे. आता आवाज जातो माझा, सगळीकडे जातो, शेजारचे धावत येतायत. मी हाक मारली. बेबी, इकडे बघ. बाबाकडे बघ. तिने ऐकलं. तिला ऐकू येतं. ती मान वळवायला जोर करते, नको, बेबी, शीर तुटे—